एकतीस नंबरची होडी

गुणाजी तांडेलाचा गुडघा निकामी झाला त्याला तीन वर्षं होत आली होती. भर दर्यात दोर पायात गुरफटून तो होडीच्या काठावर आपटला, आणि त्याचा जुना जोडीदार बाबली याने त्याला पाठीवर घेऊन पाण्यातून किनाऱ्यावर आणला. तेव्हापासून दर्या त्याच्या वाट्याला बघण्यापुरताच उरला. पण बघण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या वाडीत कोणी नव्हता. घरापुढच्या खळ्यात जाळं शिवत बसल्या बसल्या लांबवरचा काळा ठिपका बघून तो सांगायचा, "धोंडूची होडी ती. मासळी गावलेली नाय, हलकी चलता." अर्ध्या तासाने धोंडू रिकाम्या हाताने वर यायचा.

म्हणूनच २००९ च्या दसऱ्यानंतर मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भाई एका मुलीला घेऊन थेट त्याच्याच खळ्यात आले.

"गुणाजी, ह्या बाईंका तुझे डोळे व्हये," भाई म्हणाले.

मुलीचं नाव चारुता. कोल्हापूरकडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात ती शिकवतही होती आणि स्वतःचं काही संशोधन करतही होती. एसटीने कसालला उतरायचं, कट्टा गावावरून मालवण, तिथून रिक्षाने वाडी, असा तिचा दर शुक्रवारचा रस्ता ठरला. तिने पिशवीतून साबणाच्या डबीएवढं खोकं काढून गुणाजीच्या हातात दिलं. एका बाजूला मसूरडाळीच्या दाण्याएवढी काच होती.

"कॅमेरो?" गुणाजीने विचारलं. "हय दिवसाक सा-सा तास लाइट नसता. ह्यो चलतलो कसो?"

"हा बहुतेक वेळ झोपलेला असतो, काका," चारुता म्हणाली. "समोर काही हललं की जागा होतो. होडी आहे का बघतो. असली तर तेवढाच तुकडा कापून ठेवतो, आणि परत झोपतो. त्यामुळे वहीएवढी सोलर प्लेट त्याला पुरते. खरं तर माणसांचे चेहरे ओळखायला केला होता आम्ही. मग म्हटलं, होडीलाही चेहरा असेलच की."

"आसता मा!" गुणाजी एकदम सरसावून बसला. "नाळ म्हणजे होडयेचा नाक. दोन होडयेंचा नाक सारखा कधी नसता."

कॅमेऱ्याची गरज सगळ्यांनाच होती. गेली दोन वर्षं बाहेरचे मोठे ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन मासळी ओरबाडून नेत होते, जाताना वाडीतल्या लोकांनी टाकलेली जाळी फाडून जात होते. तक्रार केली की मत्स्य कार्यालयातले साहेब विचारायचे, पुरावा कुठाय? आणि पुरावा द्यायला कोणी समुद्रात उभं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्यातलंच कोणीतरी त्या ट्रॉलरना बर्फ आणि डिझेल पोचवतं अशी कुजबुज होती. सोसायटीने ठराव केला होता, असा माणूस सापडला तर पाऊस लागेपर्यंत त्याची मासळी लिलावात घ्यायची नाही आणि त्याच्या होडीवर कोणी चढायचं नाही.

टेकडीवर सागाचा खांब रोवून खोकं बसवलं. चारुता शुक्रवारी वर चढून त्यातलं कार्ड काढून आणायची, आणि मग दोघं खळ्यातल्या बाकावर लॅपटॉप मांडून बसायची. पडद्यावर होडीचं चित्र यायचं, टपाल तिकिटाएवढं, धुरकट. गुणाजी मालकाचं नाव सांगायचा, चारुता त्या मालकाचा नंबर टाकायची. जावई नितेश याचा नंबर चौदा. बाबलीचा एकतीस. एकेका होडीची वीस-पंचवीस चित्रं झाली की मशीन तिला आपणहून ओळखायला लागतं, असं ती म्हणायची, आणि खरंच तसं झालं. चौथ्या शुक्रवारी मशीनने धोंडूची होडी पाठमोरी ओळखली तेव्हा गुणाजीने मांडीवर थाप मारली. चौथी नापास झालेल्या माणसाला वाडी आता मास्तर म्हणू लागली होती. त्याला ते आवडत होतं. शुक्रवारी तो सकाळीच दाढी करून बसायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी एक चित्र आलं.

"ही?" चारुताने विचारलं.

संध्याकाळचं चित्र होतं. निळी होडी, पांढरा पट्टा, अर्धी सावलीत. उजव्या कोपऱ्यात लाल रंगाची एक तिरपी रेघ. चारुताच्या लेखी ती नुसती रेघ होती. गुणाजीला मात्र ती बाहेरच्या ट्रॉलरची उंच कड आहे हे बघताक्षणी कळलं. निळी होडी तिला चिकटून उभी होती आणि होडीतला माणूस दोन्ही हातांनी काहीतरी जड वर देत होता. होडी नितेशची होती. दिवाळीला त्याने तिला नवा निळा रंग दिला होता, पण रंगाने नाळ थोडीच बदलते? ती डावीकडे जराशी कललेली होती. लाकूडच तसं निघालं होतं, आणि सुताराशी त्यावरून भांडायला गुणाजी स्वतः गेला होता.

तो पडद्याजवळ वाकून बघत राहिला, तेव्हा चारुता म्हणाली, "ओळखता येत नसेल तर राहू दे. अशी चित्रं मी वेगळी ठेवते. भाई रविवारी ती मोठी करून भिंतीवर दाखवणार आहेत. चारचौघांत कोणीतरी ओळखेलच."

"बाबलीची," गुणाजी म्हणाला.

दोन्ही होड्या एकाच सुताराच्या हातच्या होत्या, दोन्ही निळ्या होत्या, आणि बाबलीवर कोणी स्वप्नातही संशय घेणार नाही, ही सगळी कारणं त्याने नंतर जुळवली. त्या क्षणी नाव नुसतं तोंडातून गेलं.

"एकतीस," म्हणत चारुताने बटण दाबलं. "त्याच संध्याकाळची अजून पाच आहेत. हीच ना?"

गुणाजीने मान हलवली.

ती गेल्यावर त्याने जाळं हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. चहा करून प्याला तो गोड की अगोड हे त्याला समजलं नाही. ऊन उतरायच्या आत तो काठी घेऊन दोन आळ्या पलीकडे लेकीच्या घरी गेला. दिव्या मागच्या दारी आडाळ्याच्या पात्यावर बांगडे कापत होती. तिच्या पाठीमागे भिंतीला लागून पाच निळे कॅन उभे होते, वर गोणपाट टाकलेलं.

"नितेश खंय गेलो?" त्याने विचारलं.

"येयत आता. कित्याक?"

"ह्या कॅनांत काय आसा गो?"

दिव्याचा हात थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि परत खाली मान घातली. तिला सगळं ठाऊक होतं. गुणाजीला वाटलं होतं तसं काही फुटून रडणं वगैरे झालं नाही. ती बांगड्यांची डोकी उडवत राहिली.

नितेश आला तो ओल्या अंगाने. गुणाजीने त्याला फणसाखाली नेऊन सरळ विचारलं. नितेशने नाकारलंही नाही.

"मामानू, ते ट्रॉलरवाले येतलेच. मी डिझेल न्हेलंय तरी, नाय न्हेलंय तरी. गेल्या वरसाक माझी दोन जाळी फाडल्यानी, तेव्हा कोण इलो इचारूक? सोसायटी इली? आता ते माझ्या जाळ्यांक हात लावनत नाय. माका तेवढाच व्हया."

"आणि बाकीच्यांच्या जाळ्यांचा काय?"

"ता तेनी बघूचा."

"बंद कर ह्या," गुणाजी म्हणाला. खोटं नाव सांगितल्याचं मात्र त्याने सांगितलं नाही. एक चित्र, सहा चित्रं, असून असून काय असणार, असं मनाला समजावत तो घरी आला. रात्र गेली, दिवस गेला, पण ते मन काही समजेना. मशीन काय शिकतंय, टेकडीवर तो डबा आता कोणाकडे बघतोय, याचाच विचार. जाळ्याच्या गाठी उलट्या पडायला लागल्या. एकाच जागी त्याला अर्धा तासही बसवेना.

एव्हाना मशीनला मोठे ट्रॉलरही ओळखता येऊ लागले होते. जानेवारीत चारुता पहिली यादी छापून घेऊन आली. यादी भाईंच्या हातात गेली आणि दुपारपर्यंत वाडीभर झाली. बाहेरच्या ट्रॉलरजवळ होडी नंबर एकतीस, संध्याकाळची वेळ, एकूण सात वेळा.

गुणाजी सोसायटीच्या ऑफिसात गेला तेव्हा चारुता एकटीच होती.

"मशीन चुकला आसतला," तो दारातूनच म्हणाला.

"चुकतं कधीकधी," ती म्हणाली. "मलाही बाबलीकाका तसे वाटले नाहीत. म्हणून मी तपासलं. हे बघा." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "ही सात चित्रं त्याने कशावरून ओळखली ते इथे दिसतं. ह्या सहांवरून. ही आपण डिसेंबरमध्ये केली, तुम्हीच नाव सांगितलंत. त्याला स्वतःचं असं काही कळत नाही, काका. जे सांगाल ते घट्ट धरून बसतं."

सहा चित्रं ओळीने उभी होती. सगळ्यांत तीच डावीकडे कललेली नाळ.

"पुसूक येता?"

"येतं. पण का पुसलं ते लिहावं लागतं." तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "काही आहे का?"

"नाय. असाच इचारलंय," म्हणून तो बाहेर पडला.

बाबलीने सगळ्यांना एकच सांगितलं, ती होडी माझी नाही. पण तो एकटाच दर्यात जायचा. दोन्ही मुलगे बाहेरगावी. संध्याकाळी तो कुठे होता हे सांगायला त्याच्याबरोबर कोणी नव्हतं. भाईंनी रविवारी चार वाजता सभा ठेवली, तोवर कोणी काही बोलायचं नाही म्हणून बजावलं. लोक बोलले नाहीत. पण शनिवारी सकाळी किनाऱ्यावर लिलाव सुरू झाला तेव्हा बाबलीची बायको शेवंती पाटी घेऊन बसली, आणि तिच्या दोन्ही बाजूच्या बायकांनी आपापल्या पाट्या उचलून हातभर लांब सरकवल्या. लिलाव करणारा शिवा पाट्यांवरून बोट फिरवत आला, शेवंतीच्या पाटीपाशी त्याचं बोट थांबलं, आणि तो पुढच्या पाटीकडे गेला. पाटीत ताजी सुरमई होती. तिच्यावर माशा बसायला लागल्या.

गुणाजी नारळीच्या बुंध्याला टेकून उभा होता. शेवंतीने त्याला बघितलं आणि ती उठून आली.

"दादानू, तुमी तरी सांगा मा तेंका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी वळखतास आमची होडी. ती पाण्यात घातली तेव्हा नारळ तुमीच फोडलेलास."

गुणाजीने बुंध्याचा आधार सोडला. काठी रोवत रोवत तो लेकीकडे निघाला. वाटेत दोनदा थांबला, दोनदा परत फिरावंसं वाटलं. दिव्या आणि नितेश दोघंही घरात होती. या खेपेला त्याने सगळं सांगितलं, त्या शुक्रवारी चित्र कसं आलं, त्याने कोणाचं नाव घेतलं, मशीन काय शिकून बसलं.

नितेश ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला. मग तो पुढे आला आणि वाकून सासऱ्याच्या पायांना हात लावायला गेला. "मामानू, तुमी आमका वाचवलास."

गुणाजीने पाय मागे घेतला. खोटं बोलताना वाटली नव्हती एवढी किळस त्याला आत्ता आली, आणि ती नितेशची जास्त की स्वतःची, हे सांगता आलं नसतं.

"उद्या मी सभेत सांगतलंय," तो म्हणाला.

"बाबानू!" दिव्या मध्ये आली. "तुमी गप ऱ्हवा. बाबलीकाका म्हातारो आसा, तेचे झिल कमवतत. चार म्हयन्यांनी लोक इसारतले. आमचो संसार आता खंय उभो ऱ्हवता हा. माझ्या संजनाक शाळेत पोरां काय म्हणतली?"

"तेना माका पाठीर घेवन हाडल्यान गो."

"आणि मी कोण तुमची?"

त्याने काठी उचलली. तो निघाला तेव्हा तिने त्याला थांबवलं नाही, आणि दारही लावलं नाही. ती तशीच उभी होती.

रविवारी देवळाच्या मांडवात माणूस मावत नव्हता. चारुताही मुद्दाम आली होती. भाईंनी यादी वाचली, ठराव वाचला, आणि बाबलीला काय सांगायचं आहे ते विचारलं. बाबली उठला. "माझी होडी थंय नव्हती," एवढंच म्हणून बसला. मागून कोणीतरी ओरडलं, मग मशीन खोटा बोलता काय?

"मशीन नाय बोलला खोटा," गुणाजी उठून म्हणाला. त्याने मांडवाचा खांब धरला. "मी बोललंय. ती होडी नितेशची. माझ्या जावयाची. माका दिसला, मी वळखलंय, आणि बाबल्याचा नाव सांगलंय. ह्या चारुतान माझ्यार भरवसो ठेवन ता लिवल्यान. मशीनान तिच्यार. तुमी मशीनार. सगळा माझ्यापासून सुरू झाला."

खाली किनाऱ्यावर ओढलेल्या होडीवर कोणीतरी खिळे ठोकत होता ते ऐकू येत होतं. नितेश मागच्या बाजूला होता. तो उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला. भाई काही बोलणार, एवढ्यात बाबलीच पुन्हा उभा राहिला. तो चिडलेला दिसत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"गुणाजी, तुझ्या चेडवाचो संसार म्हणान तू माझा नाव घेतलंस, ता एकवेळ माका कळता," तो म्हणाला. "पण ती नाळ वाकडी आसा रे. वाकडी नाळ बघून तुझ्या तोंडात माझी होडी इली कशी?"

असं म्हणून तो शेवंतीला घेऊन घरी गेला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. नितेशची मासळी लिलावातून बंद झाली. खलाशी मिळेना, तेव्हा त्याने होडी वर ओढून नारळाच्या झापांनी झाकली आणि गोव्यात दुसऱ्याच्या बोटीवर कामाला गेला. शेवंतीच्या पाटीजवळ बायका परत बसू लागल्या, पण शिवाकडे ती कितीतरी दिवस बघत नव्हती. टेकडीवरचा कॅमेरा काढून टाका म्हणणारे निम्मे लोक होते. चारुताला कॉलेजात तिच्या सरांपुढे सगळं कबूल करावं लागलं आणि चार महिन्यांची चित्रं पुन्हा पहिल्यापासून तपासायची वेळ आली. त्या शुक्रवारी ती गुणाजीकडे आली आणि बाकावर बसायच्या आधीच म्हणाली, "मला नुसतं सांगायचं होतंत, काका. तेव्हाच. मी कोणाला काही बोलले नसते असं नाही, पण सांगायला हवं होतंत." तिचे डोळे भरले होते.

भाईंनी तोड काढली. यापुढे नाव दोघांनी मिळून सांगायचं, दोघांचं एक झालं तरच नंबर टाकायचा. पण गुणाजीबरोबर बसायला कोणी तयार होईना, आणि त्याच्याइतकी नजर दुसऱ्या कोणाची नव्हती. दोन शुक्रवार असेच गेले. तिसऱ्या शुक्रवारी बाबली चष्मा पुसत खळ्यात आला. गुणाजीकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. "दाखवा," तो चारुताला म्हणाला. त्या दिवशी दोघांनी शंभरावर चित्रं ओळखली आणि आपसांत एक शब्दही बोलले नाहीत. अंधारून आलं तसा बाबली उठून गेला. पुढच्या शुक्रवारी परत आला.

दिव्या मात्र आली नाही. वाडीत तिला मासळी विकता येत नव्हती, म्हणून ती सुकी मासळी घेऊन कट्ट्याच्या बाजाराला जाऊ लागली. वाटेत बाप दिसला तर आळी बदलायची. गुणाजीला घरात चैन पडेना. फेब्रुवारीत एका बाजाराच्या दिवशी तो मालवण स्टँडवर जाऊन तिच्याच गाडीत चढला. ती पुढे बसली होती. त्याला तिने बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं. कट्ट्याला उतरताना तिची पाटी दोन बाकांच्या मध्ये अडकली. कंडक्टर घंटी मारायला लागला. गुणाजीने मागून पाटीची कड उचलून धरली, ती सुटली, आणि दोघं खाली उतरली.

"तुमी कित्याक इलास?" ती चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली. "गुडघो सुजतलो."

"असोच इलंय."

पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात शिरली. मागे वळून बघितलं नाही. परतीची गाडी दोन तासांनी होती. ती त्याच गाडीने येईल की आधी कोणाच्या टेम्पोतून निघून जाईल, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो थांब्याच्या बाकावर बसला, उठला, बाजाराच्या तोंडापर्यंत जाऊन आला, आणि पुन्हा येऊन बसला.